नगरपालिकेचे नाट्यगृह कार्यक्रमासाठी घेताना

खान्देशात नाटकाचा प्रयोग, संगीत सभा, शाळेचे स्नेहसंमेलन, एखाद्या संघटनेचे जिल्हा अधिवेशन किंवा अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम ठरला की संस्थेच्या पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो तो जागेचा. जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आणि बालगंधर्व खुले नाट्यगृह, धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर, नंदुरबारचे छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर ही नावे लगेच पुढे येतात. तालुक्याच्या गावी पालिकेचे सभागृह किंवा क्रीडासंकुलाचे दालन असते. सार्वजनिक मालकीच्या जागेचे भाडे खासगी मंगल कार्यालयाच्या मानाने बहुधा कमी असते, पण त्या भाड्यात नेमके काय मिळते याची चौकशी आधी न झाल्यामुळे ऐनवेळी धावपळ होते. ढोबळ मानाने, पालिकेच्या पावतीवर भिंती, खुर्च्या, रंगमंच आणि ठरावीक तास मिळतात. वीज किती, वातानुकूलन केव्हापासून, ध्वनियंत्रणा कोणाची, दारांच्या किल्ल्या कोणाकडे, हे सारे आयोजकाने स्वतः विचारून लेखी घ्यावयाचे असते.

जागा आणि तारीख

प्रेक्षकसंख्या हा निवडीचा पहिला निकष धरला जातो आणि ते रास्तच आहे. मात्र संख्या फुगवून धरण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. बाराशे खुर्च्यांच्या दालनात साडेतीनशे श्रोते बसले की कलावंताचा हिरमोड होतो आणि आवाजही पोकळ येतो, कारण रिकाम्या खुर्चीपेक्षा बसलेला माणूस ध्वनी अधिक शोषून घेतो. याउलट उपस्थिती खरोखरच हजारोंची असेल आणि सत्रे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी चालणार असतील, तर नाट्यगृहाचा हट्ट सोडून मोकळ्या आवाराचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला झालेले ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या आवारात मंडप घालून भरले, त्याचे कारण हेच. तीन दिवसांचे संमेलन, ग्रंथदालन आणि भोजनव्यवस्था एका छताखाली मावणारी नव्हती.

खुल्या नाट्यगृहाचा मोह उन्हाळ्यात होतो, परंतु ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, या निर्बंधातून मोकळीक आहे. उघड्या जागेला ती नाही. राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवता येते, आणि हे दिवस सणावारांना धरून जाहीर होत असल्याने आपल्या तारखेला सवलत आहे का हे आधी पाहून घ्यावे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि तापलेल्या पायऱ्यांवर त्यानंतरही काही वेळ बसवत नाही, त्यामुळे खुल्या रंगमंचावर हाती जेमतेम अडीच तास राहतात. तीन अंकी नाटकाला ते पुरत नाहीत. गाण्यांच्या किंवा कवितांच्या कार्यक्रमाला पुरतात. दुपारी चारला आणि पुन्हा सहाला पायऱ्यांवर पाणी मारण्याची सोय असेल तर हीच जागा कोणत्याही वातानुकूलित दालनापेक्षा सुखाची वाटते, असे माझे मत आहे.

क्रीडासंकुलातील बंदिस्त दालन अधिवेशनासाठी मागणारे पुष्कळ असतात. तिथे अर्ज पालिकेत न करता जिल्हा किंवा तालुका क्रीडा अधिकारी कार्यालयात करावा लागतो. पत्र्याच्या उंच छपराखाली शब्द घुमतात, आणि बॅडमिंटनच्या लाकडी तक्तपोशीवर लोखंडी खुर्च्या ठेवायला परवानगी मिळत नाही. मिळाली तर जाड सतरंजी अंथरण्याचा खर्च आपला.

तारीख ठरवताना पंचांग आणि शेती दोन्ही पाहावी. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांनी नाट्यगृहे भरलेली असतात. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ज्या केंद्रावर असते, तिथे ओळीने कित्येक दिवस दालन मिळत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीची घरोघरी स्थापना असते, त्या दिवशी आणि विसर्जनाच्या दिवशी प्रेक्षक मिळण्याची आशा करू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे घरगुती प्रेक्षक भरपूर मिळतो. पण त्याच सुमारास लग्नांची घाई असते आणि मंडपवाले, विद्युतवाले, वाजंत्री सगळेच दुप्पट दर सांगतात. खेड्यांतून प्रेक्षक यावयाचा असेल तर कापूस वेचणीचा भर ओसरू द्यावा.

अर्ज, पावती आणि अटी

नाट्यगृहाचे दर पालिकेच्या ठरावाने निश्चित झालेले असतात आणि ते बहुधा तीन-चार प्रकारचे असतात: व्यावसायिक नाटक, हौशी नाटक, शैक्षणिक संस्था, आणि राजकीय किंवा इतर सभा. आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे अर्जावरच स्पष्ट लिहावे. नोंदणीकृत संस्था असल्यास नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी. सवलतीचा दर तोंडी सांगून मिळत नाही. दरपत्रक दाखवायला टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून ठरावाची प्रत मागता येते आणि ३० दिवसांत ती देणे बंधनकारक आहे. मात्र कार्यक्रम महिन्यावर आला असताना या वाटेने जाऊ नये. हे काम निवांतपणी एकदाच करून प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवावी.

भाडे, अनामत, वीज आकार, सफाई आकार आणि लागू असल्यास वस्तू व सेवा कर या रकमा पावतीवर वेगवेगळ्या दाखवून घ्याव्यात. सर्व एकाच आकड्यात लिहिले गेले की पुढे अनामत परत मागताना वाद होतो.

सत्राच्या वेळेकडे बारकाईने पाहावे. नाटक अडीच तासांचे असले तरी नेपथ्य उभारायला तीन-चार तास, प्रकाशयोजना लावून तपासायला दीड-दोन तास आणि आवरायला तास-सव्वा तास लागतो. म्हणजे एका सत्राच्या भाड्यात प्रयोग उरकणे कठीण आहे. त्याआधीचे सत्र तयारीसाठी घेतल्यास त्याला पूर्ण भाडे की निम्मे, वातानुकूलन बंद ठेवल्यास दर कमी होतो का, आणि ठरलेल्या वेळेपलीकडे तासाला किती आकार बसतो, हे तिन्ही प्रश्न अर्ज देतानाच विचारावेत.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटींपैकी एकीवर बोट ठेवून वाचावे, ती म्हणजे शासकीय कार्यक्रमासाठी आरक्षण कोणत्याही क्षणी रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाने राखून ठेवल्याची. ही अट काढून टाकली जाणार नाही, परंतु तसे झाल्यास पूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल किंवा कोणती पर्यायी तारीख मिळेल एवढे पत्र देऊन लिहून घेता येते. कलावंताशी किंवा नाट्यसंस्थेशी करार करतानाही याच अटीचे कलम घालावे, अन्यथा दालन गेले तरी मानधनाची अर्धी रक्कम आपल्या गळ्यात पडते. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची चिन्हे असतील तर व्यासपीठावर लोकप्रतिनिधी असलेला कार्यक्रम त्या काळात ठेवूच नये. पत्रिका छापून झाल्यावर नावे वगळणे फार अवघड जाते.

प्रत्यक्ष पाहणी

रिकामे, दिवे मालवलेले नाट्यगृह पाहून काहीही कळत नाही. दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम चालू असताना तिकीट काढून किंवा परवानगीने आत जाऊन बसावे, शेवटच्या रांगेत आणि बाल्कनी असल्यास तिथे कोपऱ्यात. वक्त्याचा शब्द तिथे स्वच्छ पोहोचतो का, वातानुकूलनाचा घरघर आवाज किती, मध्यंतरात स्वच्छतागृहात पाणी टिकते का, हे तासाभरात समजते. आपल्याकडे अनेक गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे टाकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोण भरणार आणि पाणी न आल्यास टँकर कोणी मागवावयाचा, हे ठरवणे क्षुल्लक समजू नये.

नंतर दिवसा एकदा पाहणी करावी, आणि सोबत संस्थेच्या अध्यक्षांऐवजी प्रकाशयोजनाकार व ध्वनिसंयोजक यांना न्यावे. रंगमंचाची रुंदी, खोली आणि पडद्याच्या पाइपापर्यंतची उंची टेपने मोजावी. दोन्ही विंगांत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूंच्या आडोशाच्या जागांत, किती जागा आहे ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी मोडक्या खुर्च्या, जुने फलक आणि सत्काराची रिकामी खोकी यांनी विंग भरलेली असते आणि ती रिकामी करून देण्याचे आश्वासन तोंडीच राहते. मालवाहू दरवाज्याचे माप घेणे सर्वांत महत्त्वाचे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नाट्यसंस्थेचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, आठ-दहा फुटांचे असतात. दरवाजा सात फुटांचा निघाला की सगळा संसार प्रेक्षकांच्या दारातून, पायऱ्या उतरत न्यावा लागतो आणि तासभर तिथेच जातो. ट्रक दरवाज्यापर्यंत मागे येतो का, वाटेत लोंबणाऱ्या तारा आहेत का, तेही पाहावे.

रंगमंचाच्या मध्यावर उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. आवाज टाळीबरोबरच विरला तर भाषण आणि नाटक दोन्हींना दालन चांगले. मागच्या भिंतीवर आपटून वेगळी टाळी ऐकू आली तर ध्वनिसंयोजकाने भोंगे त्या भिंतीच्या रोखाने न लावता खाली प्रेक्षकांकडे झुकवून लावावेत आणि मागच्या रांगांसाठी मध्यावर लहान भोंगे द्यावेत.

वीज

बहुतेक फजित्या विजेमुळे होतात, म्हणून याकडे अधिक लक्ष द्यावे. जुन्या पद्धतीचा रंगमंचावरचा एक ‘पार’ (PAR) दिवा १,००० वॅटचा असतो. साध्या नाटकाला असे २४ दिवे टांगले तर भार २४ किलोवॅट होतो. २३० व्होल्टला एक दिवा सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे एकाच फेजवर सर्व दिवे दिले तर शंभराच्या वर अँपिअर. तिन्ही फेजवर आठ-आठ वाटले तर प्रत्येकी पस्तीसच्या आसपास. विद्युत कक्षातील रंगमंचाचे स्विच किती अँपिअरचे आहेत हे वाचून ही वाटणी कागदावर करूनच डिमर (दिवे मंद-प्रखर करणारी यंत्रे) जोडावेत. एलईडी दिवे वापरल्यास भार बराच कमी होतो, पण मोठा एलईडी पडदा आणला की तो पुन्हा चढतो.

न्यूट्रलची (तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेची) जोडणी आपल्या माणसाने टॉर्च घेऊन पाहावी. तांब्याच्या पट्टीवरचा नट सैल असेल किंवा तिथे काळा डाग पडलेला असेल तर तिन्ही फेजचा तोल बिघडताच एका फेजवर व्होल्टेज एकदम चढते, आणि त्या फेजवर ध्वनीचा मिक्सर असेल तर तो क्षणात जातो. दुरुस्ती पालिकेच्या विद्युत विभागाकडूनच करून घ्यावी. आपण परस्पर पाना लावू नये. ध्वनियंत्रणेला डिमरपासून वेगळा फेज आणि नीट अर्थिंग द्यावे, नाहीतर दिवे मंद करताना भोंग्यांतून गुणगुण सुरू होते.

जनित्र आहे असे सांगितले जाते, ते किती केव्हीएचे आहे, वातानुकूलन त्यावर चालते का, डिझेल कोणाचे आणि वीज गेल्यावर चालू करणारा माणूस कार्यक्रम संपेपर्यंत थांबतो का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाहणीच्या दिवशी मिळाले नाही तर जनित्र भाड्याने आणावे.

वातानुकूलनाबाबत एक हिशेब उपयोगी पडतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे ८०० प्रेक्षक म्हणजे ८० किलोवॅट. एक टन क्षमतेचे यंत्र सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढते, म्हणून केवळ माणसांसाठीच सुमारे २३ टन लागतात. भिंती, छत आणि दिव्यांची उष्णता वेगळी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना प्रेक्षक आत आल्यावर यंत्रे सुरू केली तर मध्यंतरापर्यंत दालन थंड होत नाही. दारे बंद ठेवून दोन तास आधी यंत्रणा चालू करण्याची अट पावतीवरच लिहून घ्यावी. पडदा उघडण्यापूर्वी दालन गार आणि रंगमंच तापलेला राहिला की दर्शनी पडदा फुगून हलत राहतो, ही तक्रार कलावंत नेहमी करतात. म्हणून रंगमंचाच्या बाजूची यंत्रेही वेळेवर सुरू होतील हे पाहावे.

परवानग्या

नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी असावी. बसवणाऱ्या संस्थेकडून दोन्हींच्या प्रती आधीच मागून घ्याव्यात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालील नियमांमुळे करमणुकीच्या कार्यक्रमाची माहिती आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. अर्जावर अंदाजे उपस्थिती, वाहनतळाची जागा आणि जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी लिहिला की काम लवकर होते.

चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाचे आयोजक स्वामित्वहक्काकडे सहसा दुर्लक्ष करतात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. तिकीट लावले किंवा व्यावसायिक वाद्यवृंद बोलावला की हक्कधारक संस्थांचा परवाना घ्यावा लागतो. नाटक आणि संगीताच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे तिकीट ठरवताना हा आकडा ध्यानात ठेवावा.

अग्निसुरक्षा

कोल्हापूर महापालिकेच्या मालकीचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली, शेजारी खासबाग कुस्ती मैदान असलेली ती वास्तू होती. नाट्यगृहातले पडदे, लाकडी तक्तपोशी, खुर्च्यांचा फोम आणि ध्वनिशोषक आवरण हे सारे पेट घेणारे असल्यामुळे आयोजकाने ही बाब पालिकेवर सोपवून मोकळे होऊ नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्याची प्रत व्यवस्थापकाकडे मागण्यात संकोच बाळगू नये.

कागदापेक्षा दारे महत्त्वाची आहेत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे दगावली. वाढीव खुर्च्यांनी वाट अडली होती आणि दार बाहेरून बंद होते. फुकट्यांना रोखण्यासाठी बाजूच्या दारांना साखळी-कुलूप लावण्याची पद्धत आपल्याकडेही आढळते. प्रेक्षक आत घेण्यापूर्वी प्रत्येक दाराचे कुलूप काढून दाराशी एकेक स्वयंसेवक उभा करावा, आणि रांगांमधल्या वाटेत प्लॅस्टिकच्या जादा खुर्च्या टाकण्याचा आग्रह कितीही मोठ्या पाहुण्यासाठी झाला तरी मानू नये.

अधिवेशनाला जेवण असल्यास तेही याच विषयात येते. हिवाळ्यात भरीत-पुरीचा किंवा वरण-बट्टीचा बेत ठरतो; वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावयाची असतात, त्यांचा जाळ आणि धूर मोठा असतो आणि ठिणग्या वाऱ्याबरोबर दूर जातात. चुलाण इमारतीपासून आणि मंडपाच्या कापडापासून लांब, वारा ठिणग्या त्यांच्यापासून दूर नेईल अशा बाजूला घालावे, किंवा वांगी बाहेरच भाजून आणावीत. वातानुकूलनाची यंत्रे ज्या बाजूने बाहेरची हवा ओढतात तिथे चुलाण पेटले की धूर थेट दालनात शिरतो.

कार्यक्रमाचा दिवस आणि त्यानंतर

दालन ताब्यात घेताना व्यवस्थापकाबरोबर फिरून मोडलेल्या खुर्च्या, फाटलेला पडदा, फुटलेले आरसे, मेकअप खोलीतील तुटलेला नळ यांची तारीख दिसणारी छायाचित्रे काढावीत आणि दोन प्रतींत यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. पालिकेचा वायरमन, सफाई कामगार आणि पहारेकरी यांची नावे फलकाजवळ लिहून ठेवावीत. त्यांच्या चहापाण्याची व्यवस्था संस्थेने केली तर रात्री अकराला वायरमन शोधत फिरावे लागत नाही. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी उताराची वाट मोकळी ठेवून वाटेलगतच्या दोन-चार जागा राखाव्यात. तिसरी घंटा ठरल्या वेळी द्यावी. पाहुणे उशिरा येणार असतील तर दीपप्रज्वलन मध्यंतरात घ्यावे, कारण सत्राचा प्रत्येक मिनिट भाड्यात मोजला जातो.

कार्यक्रम संपल्यावर त्याच यादीवर पुन्हा फेरफटका मारून ताबा परत दिल्याची सही घ्यावी. भिंतीवर चिकटपट्टी, रंगमंचावर खिळे आणि झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल राहू देऊ नये. अनामतीतून होणारी कपात बहुतेक वेळा या तीन गोष्टींचीच असते. अनामत परत मिळावी म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला मूळ पावती, ताबा यादी व संस्थेच्या रद्द केलेल्या धनादेशाची प्रत जोडावी लागते. अर्ज आवक-जावक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्यावी, आणि मार्चअखेरीच्या आत तो लेखा विभागात पोहोचेल असे पाहावे. वर्ष उलटले की नव्या तरतुदीची वाट पाहावी लागते.